भूशास्त्राच्या पदवीनंतर नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन: कोणता अभ्यासक्रम, कोणत्या पायावर?

माणगंगा (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील असून सध्या भूशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. पुढे नैसर्गिक संसाधन व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मनात आहे. परंतु चौकशी करू लागल्यापासून गोंधळच वाढला आहे, म्हणून येथे विचारत आहे.

आमची साडेचार एकर जमीन आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या माझ्या आजोबांनी पुढे स्वतःच्या रानात विहीर खोदली, आणि ती पाच परस (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची) उतरल्यावर लागलेल्या पाण्यावर वीसेक वर्षे घर चालले. वडिलांनी नंतर दोन बोअर घेतले. पहिला 180 फुटांचा होता, तो चार उन्हाळ्यांत आटला. दुसरा 400 फुटांवर गेला आहे आणि आता फेब्रुवारीतच अर्ध्या तासाने हवा ओढू लागतो. मी भूशास्त्र निवडले ते या बोअरमुळेच. वर्गात मात्र खनिजे आणि जीवाश्म यांवर जितका वेळ जातो, तितका विहिरीतल्या पाण्यावर जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

माझ्यासमोर आज चार पर्याय आहेत. पुण्यात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी; तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या आवारात शाश्वत उपजीविका व नैसर्गिक संसाधनांविषयीचा एम.ए. अभ्यासक्रम आहे, तिकडे जावे. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेसाठी प्रयत्न करावा. किंवा मुकाट्याने भूशास्त्रातच एम.एस्सी. करावी. कृषी विद्यापीठात काही करता येते का, हेही ठाऊक नाही. पुण्यात नोकरी करणारे माझे थोरले बंधू म्हणतात, की व्यवस्थापनच शिकायचे असेल तर एम.बी.ए. कर.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या नावाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्षात काय शिकवतात? आणि ते शिकून गावात परत गेलेल्या माणसाला विहिरीवर उभे राहून शेतकऱ्याला काही उपयोगाचे सांगता येते का? नोकरीचा विचार अर्थातच आहे, कारण घरी कर्ज आहे.

बांधबंदिस्ती

मी कृषी अभियंता आहे. राहुरीच्या विद्यापीठातून मृद व जलसंधारण अभियांत्रिकीत एम.टेक. केल्यानंतर गेली सव्वीस वर्षे पाणलोटाच्या कामांवर आहे. तेव्हा माझे उत्तर त्या बाजूने झुकलेले असणार, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम नावाचा घोळ सोडवू. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन नावाचा एक स्वतंत्र विभाग आहे. माती, पाणी, कोरडवाहू शेती, कृषिवनिकी यांवर काम करणाऱ्या संस्था त्याच्या छत्राखाली येतात, आणि नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था ही त्यांपैकीच एक. छत्राचे नाव असे मोठे असले तरी आपल्या राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांत पदव्या मिळतात त्या जुन्याच नावांनी: मृदविज्ञान, कृषिविद्या, वनशास्त्र, मृद व जलसंधारण अभियांत्रिकी. अडचण अशी, की या जागा सामान्यतः कृषी, वनशास्त्र किंवा कृषी अभियांत्रिकीची पदवी असणाऱ्यांसाठीच असतात. भूशास्त्राची पदवी घेऊन तेथे उभे राहिलात तर खिडकीवरूनच परत यावे लागेल. हा पर्याय डोक्यातून काढून टाका, म्हणजे निदान एक चिंता कमी होईल.

दुसरी गोष्ट अशी, की या क्षेत्रात ज्याच्या हातात मोजण्याचे कौशल्य आहे त्याला काम मिळते. डोंगरउतारावर समपातळी रेषा आखता येणे, पाणलोट क्षेत्रावरून अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पावसाचे पाणी, काढता येणे, सलग समतल चरांचे अंतर ठरवणे, अनघड दगडी बांध कोठे घालावा आणि गॅबियन (तारेच्या जाळीत दगड भरून केलेला बांध) कोठे, हे जागेवर सांगता येणे, आणि शेवटी हे सगळे अंदाजपत्रकात व मोजमाप पुस्तिकेत उतरवता येणे. हे ज्याला येत नाही तो कितीही मोठी पदवी घेऊन आला तरी बैठकीत मागच्या खुर्चीवर बसतो. ‘माथा ते पायथा’ हे शब्द आता प्रत्येकाच्या तोंडी आहेत, पण माथ्यावर चढून हातात नळीची पातळी (पाणी भरलेल्या नळीने समपातळी पाहण्याचे साधन) धरणारे कमी. ज्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रापासून तरी शिवारात नेऊन हे करून घेत नाहीत, तो मी माझ्या मुलीला सुचवणार नाही.

आता माझ्याच विरोधात जाणारी एक हकिकत सांगतो, कारण तुम्ही भूशास्त्राच्या आहात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावात मी सिमेंटचा नालाबांध बांधून घेतला. पायाची खोली, सांडव्याची रुंदी, काँक्रीटचे प्रमाण, सारे नियमाप्रमाणे होते. पावसाळ्यात बांध तुडुंब भरला आणि तीन आठवड्यांत कोरडा पडला. गावाने मला बोल लावला, वरिष्ठांनी खुलासा मागवला. पुढच्या उन्हाळ्यात खालच्या गावचे एक शेतकरी सहज म्हणाले, की यंदा आमच्या तीन विहिरींना मे महिन्यातही पाणी आहे, कारण कळत नाही. मला ते कळायला आणखी दोन वर्षे लागली. नाल्याच्या तळाचा खडक भेगाळलेला होता आणि त्या भेगांचा उतार खालच्या गावाकडे होता. बांध फुटका नव्हता. पाणी जिथे जायचे तिथे गेले होते, फक्त ज्यांच्या नावावर काम मंजूर झाले त्यांच्या विहिरीत ते गेले नव्हते. त्या वेळी माझ्या शेजारी एखादा भूशास्त्रज्ञ उभा असता, तर बांधाची जागा वेगळी झाली असती किंवा निदान खुलासा तरी नीट लिहिता आला असता.

मोहफूल

बांधबंदिस्ती यांचे मोजमापाविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यांनीच सांगितलेल्या हकिकतीतला कळीचा प्रश्न त्यांनी सोडून दिला असे वाटते. वरच्या गावाच्या श्रमातून आणि मंजुरीतून जे पाणी खालच्या गावाला मिळाले, ते कोणाचे? या प्रश्नाचे उत्तर काँक्रीटमध्ये नाही आणि खडकाच्या भेगेतही नाही. ते शोधण्याची रीत शिकवणारे शिक्षण म्हणजे माझ्या मते नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन.

मी तुळजापूरला शिकले. त्याआधी माझी पदवी वनस्पतिशास्त्राची होती. गेली सात वर्षे गडचिरोली जिल्ह्यात सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांबरोबर काम करते. अभ्यासक्रमाची रचना आणि नाव अधूनमधून बदलते, आणि आता प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतो, म्हणून ताजी माहिती स्वतः पाहून घ्या. आमच्या वेळी काय होते ते सांगते. पहिल्या वर्षी ग्रामीण समाज, जमिनीचा इतिहास, उपजीविका, पाणलोट, सार्वजनिक धोरण हे विषय, आणि प्रत्येक सत्रात काही आठवडे गावात मुक्काम. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये असे मांडले, की सामायिक कुरण शेवटी उजाड होतेच, कारण प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवत जातो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील उदाहरणे तपासून दाखवले, की लोक स्वतः नियम करून अशी संसाधने पिढ्यान्‌पिढ्या टिकवू शकतात, आणि त्या कामासाठी 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हे वर्गात वाचताना मला पुस्तकी वाटले होते. मराठवाड्यातल्या एका गावात गायरानावरच्या अतिक्रमणाची यादी करायला बसले, तेव्हा दोन तासांत त्याचा अर्थ कळला, कारण यादीतले पहिले नाव मला जेवू घालणाऱ्या घराचेच होते.

पाण्याचेच उदाहरण हवे असेल तर ते तुमच्यापासून फार दूर नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. साळुंखे अभियंते आणि उद्योजक होते, तरीही त्या प्रयोगाचे वेगळेपण बंधाऱ्यात नसून वाटपाच्या नियमात होते: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर, माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला अडीच एकरांच्या मर्यादेत, भूमिहीनालाही पाण्यावर हक्क, आणि ऊस लावायचा नाही. हा नियम कोणत्याही अभियांत्रिकीच्या सूत्रातून निघत नाही.

माझ्या रोजच्या कामाविषयी दोन शब्द, म्हणजे ‘काय करता येते’ याचा अंदाज येईल. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवान्याची पुस्तिका हातात पडायला एप्रिल 2011 उजाडावे लागले, आणि ती देण्यासाठी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. हक्क मिळणे आणि वापरता येणे यांमधले हे अंतर हेच आमचे काम. त्यात वनकक्षांच्या हद्दी जीपीएसने फिरून घेणे येते, निस्तार पत्रकातील, म्हणजे गावाच्या जंगल-कुरण वापराच्या हक्कांच्या दप्तरातील, जुन्या नोंदी शोधणे येते, तेंदूपानाच्या लिलावाची जाहिरात ग्रामसभेच्या नावाने काढणे येते, आणि कोणत्या कक्षात बांबू कधी तोडायचा याचा आराखडा लोकांबरोबर बसून करणेही येते.

आमच्या अभ्यासक्रमाची उणीवही झाकत नाही. मोजणे आम्हाला फार थोडे शिकवले. झाडाचा घेर कोठे घ्यायचा, नमुना क्षेत्र किती मोठे धरायचे, हे मला एका निवृत्त वनरक्षकाने मोहाच्या झाडाखाली शिकवले, आणि त्याबद्दल मला कोणतेही श्रेयांक मिळाले नाहीत. पहिला पगार माझ्या अभियंता मैत्रिणींच्या निम्म्याहूनही कमी होता. घरी कर्ज आहे असे तुम्ही लिहिले आहे म्हणून हे मुद्दाम सांगते.

माणगंगा

दोघांचेही मनापासून आभार. मोहफूल ताई, पगाराबद्दल स्पष्ट लिहिलेत हे बरे केलेत. आता माझी अडचण वेगळी झाली आहे. बांधबंदिस्ती सरांचे वाचून वाटते की भूशास्त्र सोडू नये, आणि तुमचे वाचून वाटते की भूशास्त्राने काहीच सुटत नाही. भूशास्त्राचा पाया ठेवून या बाजूला आलेले कोणी आहे का?

सडा

फक्त एका मुद्द्यावर लिहितो. मी दापोलीचा वनशास्त्राचा पदवीधर आहे, आणि स्पर्धा परीक्षांच्या पात्रतेचा हा तपशील बऱ्याच मुलांना उशिरा कळतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वन सेवा परीक्षेला पदवीला ठरावीक विषयांपैकी किमान एक असावा लागतो: पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र, अथवा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी. पर्यावरणशास्त्र हा विषय या यादीत नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी पर्यावरणशास्त्राची पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही घेऊन बसली आणि अर्ज भरताना तिला हे समजले. तुमची पदवी भूशास्त्राची असल्याने तुम्ही पात्र आहात, पुढे एम.एस्सी. कशातही करा. राज्य लोकसेवा आयोगाच्या वनसेवेची पात्रता जाहिरातीत स्वतः वाचावी, कोणाच्या सांगण्यावर राहू नये, माझ्यासुद्धा.

भोपाळविषयी एवढेच, की तेथील प्रवेश कॅटसारख्या व्यवस्थापन परीक्षेतून होतो आणि शुल्क काही लाखांत जाते. वनाधारित उद्योग, सल्लागार कंपन्या, मोठ्या विकास संस्था यांकडे जायचे असेल तर ते फळते. विहिरीवर उभे राहायचे असेल तर तो लांबचा वळसा आहे.

कातळ

भूशास्त्राचा पाया ठेवून या बाजूला आलेला मी एक आहे. भूशास्त्रात एम.एस्सी. करून भूजलावर काम करतो, प्रशिक्षणेही घेतो. थोडे सविस्तर लिहितो.

वर्गात भूजलावर वेळ जात नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. पण त्यामुळे विषय बदलण्याची गरज नाही, विषयाचा भर बदलण्याची आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. हा खडक एकसंध नसून लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे, आणि प्रत्येक थरात खाली घट्ट काळा पाषाण व वर सच्छिद्र मांजऱ्या खडक अशी साधारण रचना दिसते. पाणी साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकाच्या झिजलेल्या भागात, आणि पाषाणाला भेगा असतील तर त्यांत. आजोबांची पाच परसांची विहीर नेमकी या थरात होती, म्हणून ती भरायची आणि आटायचीही, पण पावसाळ्यात पुन्हा भरायची. चारशे फुटांच्या बोअरला लागते ते फार जुने आणि फार सावकाश भरणारे पाणी, एखाद्या आडव्या फटीत अडकलेले. वडिलांचा बोअर अर्ध्या तासाने हवा ओढतो याचा अर्थ फट रिकामी झाली, आणि ती भरायला पंप बंद ठेवून वाट पाहण्यावाचून इलाज नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने, जो 2014 पासून अमलात आहे, 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटले आणि तिच्यावर निर्बंध घातले, त्यामागे हेच भूशास्त्र आहे. गावोगाव चारशे-पाचशे फूट जाणाऱ्या गाड्यांना तो कायदा माहीत नाही असे मुळीच नाही.

खडक न पाहता केलेल्या व्यवस्थापनाचे एक ठळक उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोरचे आहे. धुळे जिल्ह्यात शिरपूरला भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल व रुंद करून त्यांवर बंधाऱ्यांची साखळी उभारली गेली आणि विहिरींना पाणी आले. तापीच्या खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे, तो मोठ्या टाकीसारखे पाणी घेतो. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ हे शब्द तेवढे उचलले गेले आणि राज्यभर पोकलेन फिरले. जिथे वीतभर मुरमाखाली कातळ आहे तिथे नाला तीन मीटर खोल केल्याने उघडे टाके मिळते, ज्यातले पाणी उन्हाने उडून जाते. काही ठिकाणी तर दोन्ही काठांच्या मुरमातले पाणीच त्या खड्ड्यात ओघळून आले आणि लगतच्या विहिरी लवकर आटल्या. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या खोलीकरणाच्या कामांवर भूजलाच्या अभ्यासकांनी घेतलेला मुख्य आक्षेप याच धर्तीचा होता.

आता ‘शेतकऱ्याला काय सांगता येते’ याकडे येतो. पाण्याचा ताळेबंद मांडता येतो, आणि त्याला पदवीही लागत नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. एखाद्या गावाचे शिवार 1,000 हेक्टर आणि वर्षाचा पाऊस 450 मिलिमीटर धरला, तर आभाळातून 45 लाख घनमीटर पाणी पडले. त्यातले निम्म्याहून अधिक बाष्प होऊन जाते, काही ओढ्याने वाहून जाते, आणि बेसाल्टमध्ये भूजलात उतरणारा वाटा अनेकदा एकूण पावसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, म्हणजे येथे साडेचार लाख घनमीटर. दोन हजार वस्तीला माणशी रोज 55 लिटर दिले तर वर्षाला सुमारे 40 हजार घनमीटर लागतात. उरले चार लाख दहा हजार. एक हेक्टर उसाला साधारण 20 हजार घनमीटर पाणी लागते असे धरा. संपूर्ण गावाच्या भूजलावर वीस हेक्टर ऊस, बाकीच्या 980 हेक्टरांनी आभाळाकडे पाहायचे! हे गणित गावाच्या चावडीवर खडूने मांडले, की पहिल्यांदा शांतता पसरते आणि मग भांडण सुरू होते. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून, ताळेबंद मांडून पिके ठरवतात, त्याचे सूत्र याहून फारसे अवघड नाही. अवघड आहे ते मोहफूल म्हणतात ते: आकडा मांडल्यावर त्या चावडीवरून कोणी उठून जाऊ नये यासाठी काय करावे लागते.

तेव्हा माझा सल्ला असा. भूशास्त्रातच एम.एस्सी. करा, पण जिथे जलभूशास्त्राचा पर्याय आणि प्रबंध दोन्ही आहेत असा विभाग निवडा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत भूवैज्ञानिकांची पदे असतात आणि ती लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. घरच्या कर्जाचा विचार करता ही वाट उघडी राहणे महत्त्वाचे आहे. प्रबंधाचा विषय स्वतःच्या गावचे पाणलोट हाच घ्या. शिकत असतानाच क्यूजीआयएस हे नकाशे करण्याचे मोफत सॉफ्टवेअर आत्मसात करा. नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि इस्रोचे ‘भुवन’ यांचे नकाशे वाचता येणे आज सातबारा वाचता येण्याइतकेच गरजेचे झाले आहे. समाजाची बाजू शिकण्यासाठी आणखी दोन वर्षांची पदवी घ्यावी असे मला वाटत नाही. पुण्यात अ‍ॅक्वाडॅम ही संस्था भूजल व्यवस्थापनाची प्रशिक्षणे घेते, आणि प्रकाश गोळे यांनी स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने नैसर्गिक संसाधनांच्या शाश्वत व्यवस्थापनाचा पदविका अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालवला आहे. एम.एस्सी.नंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन मुंबईच्या आय.आय.टी.तील सितारा या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्राच्या एम.टेक.चाही विचार करता येईल. तेथे विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात काही आठवडे खेड्यात राहावे लागते. बी.एस्सी.वर मात्र ते दार थेट उघडत नाही.

बांधबंदिस्ती

कातळ यांच्या ताळेबंदावर एक आक्षेप नोंदवतो. चावडीवर वीस हेक्टर उसाचा आकडा लिहिणे ठीक, पण तो ऊस ज्यांचा आहे ते बहुधा चावडीच्या पहिल्या रांगेत बसलेले असतात, आणि गावचा पंपाचा वीजपुरवठा, सोसायटीचे कर्ज, कारखान्याची नोंद हे सारे त्या उसाशी बांधलेले असते. ज्वारीला हमखास गिऱ्हाईक नाही आणि उसाला आहे, तोवर गणित कितीही बिनचूक असले तरी शेतकरी ते ऐकून घरी जाईल. कृषी अर्थशास्त्राचा एखादा विषय जिथे घेता येईल तिथे घ्या. मी घेतला नाही, आणि ती उणीव मला बांधकामाच्या चुकांहून अधिक नडली.

मोहफूल

या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत आहे. सव्वीस वर्षे शासकीय कामे केलेल्या अभियंत्याने तो घ्यावा याचा विशेष आनंद वाटला. माणगंगा, मी माझे म्हणणे थोडे दुरुस्त करते. तुमच्या हाती एक पक्का विषय आधीच आहे. तो नसलेल्यांना तुळजापूरसारखा अभ्यासक्रम दिशा देतो, तुम्हाला ती बोअरने दिलेली आहे. मात्र शिकत असताना एक सुट्टी अशा गावात काढा जिथे पाण्याविषयीचा एखादा नियम लोकांनी केला आणि नंतर मोडला. यशस्वी गावे पाहायला सहली जातातच.

माणगंगा

सर्वांचे आभार. भूशास्त्रातच एम.एस्सी. करण्याचे ठरवते आहे; दोन विभागांकडे जलभूशास्त्राच्या प्रबंधाविषयी चौकशीचे पत्र आजच लिहिले. बंधूंना वीस हेक्टर उसाचे गणित दाखवले, त्यांनी ते दोनदा तपासले आणि मग ऊस लावलेल्या चुलत्यांचे नाव घेऊन हसले. निकाल लागेपर्यंत दोन महिने गावीच आहे. या काळात आमच्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पाण्याची पातळी मोजावी असे मनात आहे. ती नीट कशी मोजतात?

कातळ

तीस-पस्तीस विहिरी पुरेत, पण त्या ओढ्याच्या उगमापासून शिवेपर्यंत विखुरलेल्या असाव्यात. फक्त ओळखीच्यांच्या नकोत. मोजण्याच्या आदल्या रात्रीपासून पंप बंद राहील असे मालकाला सांगून ठेवा, आणि शेजारच्या विहिरीचा चालू असेल तर तसे वहीत लिहा. कठड्यावर रंगाने एक खूण करून दर वेळी तिथूनच टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वेगळी मोजून ती वजा करा, कारण नवशिके सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. टेपच्या टोकाला वजन बांधा. विहिरीची एकूण खोली, पाण्याची खोली, मुरूम किती परसांवर संपला आणि पाषाण कोठे लागला हे मालकाला किंवा जुन्या खोदणाऱ्याला विचारून लिहा. आजोबा असतील तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा. मोबाइलवर प्रत्येक विहिरीचे स्थान नोंदवून ठेवा. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. तुम्ही निदान मे आणि ऑक्टोबर साधा, म्हणजे पावसाने पातळी किती उचलली हे हाती येईल. सगळ्या विहिरी तीन दिवसांच्या आत संपवा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, कारण मध्येच वळवाचा एखादा मोठा पाऊस झाला तर अर्ध्या विहिरी पावसाआधीच्या आणि अर्ध्या नंतरच्या होतील. ऑक्टोबरमध्ये तुम्ही महाविद्यालयात असाल, तेव्हा टेप आणि वही कोणाच्या हाती द्यायची तेही आत्ताच ठरवून ठेवा.